हरभऱ्याच्या शेतातील सूक्ष्म गांधीलमाश्या

पौष महिन्यात झाशी शहराबाहेर बेटवा नदीच्या दिशेने गेले असता रस्त्याच्या दोन्ही अंगांना हरभऱ्याची शेते लागतात. झाशीचे नाव निघाले की मराठी वाचकाला नेवाळकरांची गादी, किल्ला आणि १८५७ हे साल आठवते. परंतु बुंदेलखंडातील शेतकऱ्याच्या दृष्टीने हा मुलूख आधी कडधान्यांचा आहे. येथील जमिनींना लोकांनी आपापली नावे दिली आहेत. तांबूस व खडेमिश्रित ती राकड, तिच्याहून बरी ती परवा, आणि काळ्या भारी जमिनी त्या काबर व मार. यांपैकी मार जमीन पावसाळ्यातील ओल हिवाळाभर धरून ठेवते. त्या ओलीच्या बळावर हरभरा, मसूर आणि जवस ही पिके पाण्याची एखादी पाळी मिळाली तरी, किंवा न मिळाली तरीही, शेतकऱ्याच्या पदरात पडतात.

या पिकाचा एक शत्रू संध्याकाळी अवतरतो. फिकट पिंगट रंगाचा हा पतंग दिसण्यात अगदी सामान्य असतो. मादी अंधार पडल्यावर कोवळ्या शेंड्यांवर, पानांवर व फुलांवर एकेक अंडे सुटे घालीत जाते. अशी शेकडो, प्रसंगी हजाराहून अधिक अंडी ती आपल्या थोडक्या आयुष्यात घालते. पतंगाचे शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. त्याच्या अळीला मात्र प्रत्येक पिकात वेगळे नाव मिळाले आहे. हरभऱ्यावर ती घाटेअळी, कपाशीवर बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी. झाशी येथे १९६२ साली भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्था स्थापन झाली. तेथे ज्या बरसीम घासावर काम चालते, त्याच्या बियाण्याच्या पिकालाही हीच अळी लागते. अळी लहान असताना पाने खरवडते. मोठी झाली म्हणजे घाट्याला भोक पाडून डोके आत खुपसते व धड बाहेर ठेवून दाणा खाते. एक अळी एकाच घाट्यावर थांबत नाही. म्हणून अळ्या मोजक्याच असल्या तरी नुकसान पुष्कळ होते.

या पतंगाचे अंडे अर्ध्या मिलिमीटरएवढे, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान असते. त्याचा रंग पिवळसर पांढरा, आकार घुमटासारखा, आणि पृष्ठावर वरून खाली गेलेल्या बारीक उभ्या कंगोऱ्या असतात. शेतात वाकून पाहणाऱ्या माणसाला ते क्वचितच सापडते. पण कीटकांचे एक अख्खे कुल असे आहे की, ज्याच्या साऱ्या संसाराला असे एखादे अंडे पुरते. त्या कुलाचे नाव ट्रायकोग्रामॅटिडी.

गांधीलमाशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर छपराच्या वाशाला घर करणारी, पिवळ्या पट्ट्यांची आणि डंख मारणारी माशी उभी राहते. मधमाश्या, मुंग्या आणि त्या गांधीलमाश्या ज्या हायमेनॉप्टेरा गणात येतात, त्याच गणात हजारो जातींच्या अशा माश्या आहेत की ज्या घर बांधीत नाहीत, समूह करीत नाहीत आणि माणसाला कधी दंशही करीत नाहीत. त्यांची मादी दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात, अळीत किंवा कोषात आपले अंडे घालते आणि तिची अळी त्या आश्रयदात्याला आतून खाऊन मोठी होते. त्यांना परजीवी म्हणण्याची रीत आहे. पण ती रीत काहीशी ढिली आहे. पिसू कुत्र्याचे रक्त पिते, जंत माणसाच्या आतड्यात राहतो. परंतु यजमान जिवंत राहण्यातच त्यांचे हित असते. या माश्यांची गोष्ट निराळी. त्यांचा यजमान मरतोच. तो मेल्यावाचून त्यांचे पोर वाढत नाही. म्हणून शास्त्रज्ञ त्यांना परजीवी न म्हणता परजीवाभ म्हणतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा केवळ शब्दांचा वाद नाही. त्याचे सारे हित या एका फरकात साठलेले आहे.

ट्रायकोग्रामॅटिडी कुलात आजवर आठशेहून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. बहुतेकांची लांबी एक मिलिमीटरच्या आत भरते. यांतील सर्वांत परिचित प्रजाती ट्रायकोग्रामा. इंग्लंडमधील कीटकशास्त्रज्ञ जॉन वेस्टवुड यांनी १८३३ साली तिचे वर्णन केले. त्यांना पंखांवर बारीक केसांच्या ओळी दिसल्या. ग्रीक भाषेत केस आणि रेषा या अर्थांचे शब्द जोडून त्यांनी प्रजातीचे नाव बनविले. पहिल्या जातीला त्यांनी दिलेल्या लॅटिन नावाचा, इव्हानेसेन्सचा, अर्थ ‘दिसेनासा होणारा’ असा आहे. नाव ठेवणाराही काही विनोदबुद्धीचा असावा. या कुलाची एक सोपी खूण म्हणजे पायांची टोके. त्यांना तीनच सांधे असतात. त्यांच्या निकटच्या इतर कुलांत ते बहुधा चार किंवा पाच असतात. अर्थात ही खूण सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यांसाठीच सोपी.

लहानपणाची सीमा कोठवर जाऊ शकते, याचा विचार या कुलाने करावयास लावला आहे. मेगाफ्राग्मा नावाच्या प्रजातीतील माश्या जेमतेम ०·२ मिलिमीटर लांब असतात. तळ्यातील पाण्याच्या थेंबात दिसणारा एकपेशीय पॅरामेशियम याहून लांब असू शकतो. असे असूनही या माशीला डोळे आहेत, पंख आहेत, आणि फुलकिड्यांची अंडी शोधून त्यांत आपले अंडे घालण्याइतकी समज आहे. रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई पोलिलोव्ह यांनी २०१२ साली दाखवून दिले की, या माशीच्या संपूर्ण तंत्रिका संस्थेत सुमारे ७,४०० पेशी असतात (मधमाशीच्या मेंदूतच त्या दहा लाखांच्या आसपास असतात) आणि प्रौढावस्थेत पदार्पण करताना त्यांपैकी शेकडा ९५ हून अधिक पेशी आपले केंद्रक टाकून देतात. घरात जागा नाही म्हणून पेटारा बाहेर काढावा, तसाच हा प्रकार. केंद्रकाविना पेशी फार काळ टिकत नाही, असा आपला समज. पण जिचे आयुष्यच थोड्या दिवसांचे, तिचे काम त्यावर भागते.

ट्रायकोग्रामाची मादी अंडे शोधते ती मुख्यतः वासावरून. पतंगाच्या पंखांवरून गळून पानावर पडलेले खवलेही तिला माग दाखवितात. एक नवलाची गोष्ट २००५ साली उघडकीस आली. कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराचा नर समागमाच्या वेळी मादीच्या अंगाला एक विशिष्ट गंध लावतो; त्यामुळे इतर नर तिच्यापासून दूर राहतात. ट्रायकोग्रामाची एक जाती नेमका तोच गंध ओळखते, त्या मादीच्या अंगावर चढून बसते आणि ती जेथे अंडी घालील तेथे उतरते. नराने स्वतःच्या संततीच्या रक्षणासाठी लावलेली मोहोर अशी शत्रूच्या हाती पत्ता देते.

अंडे सापडल्यावर माशी घाई करीत नाही. ती त्यावर चढते, शृंगिकांनी पृष्ठभाग ठोकून पाहते आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालते. हे चालणे म्हणजे मोजमाप होय. जोनाथन श्मिट आणि जे. जे. बी. स्मिथ या संशोधकांनी १९८५ ते १९८७ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, अंडे ओलांडण्यास पहिल्या फेरीत जो वेळ लागतो, त्यावरून माशी त्याचा आकार ठरविते आणि त्या हिशेबाने आत किती अंडी घालावयाची ते ठरविते. यजमान लहान असल्यास एक, मध्यम असल्यास दोन-तीन, आणि मोठ्या पतंगाचे टपोरे अंडे मिळाल्यास वीसपर्यंत किंवा त्याहूनही अधिक. हिशेब चुकला तर पोरे उपासमारीने खुरटतात, म्हणून तो सहसा चुकत नाही. मग ती पोटाचे टोक खाली वळवून अंडनिक्षेपक कवचावर रोवते व हळूहळू छिद्र पाडते. काम झाल्यावर त्या जागी गंधाची खूण राहते. नंतर आलेली माशी शृंगिका टेकवूनच ओळखते की येथे आधीच बिऱ्हाड आहे, आणि पुष्कळदा ती पुढे जाते.

आतील अळी पिशवीसारखी असते. तिला ना पाय, ना निराळे डोके. यजमानाच्या अंड्यातील बलक ती एक-दोन दिवसांतच गिळून टाकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कवचाच्या आतील बाजूस काळे कण जमा होतात आणि पिवळसर अंडे काजळासारखे काळे दिसू लागते. एवढी एक खूण साध्या भिंगाने, किंबहुना चांगल्या नजरेच्या माणसाला नुसत्या डोळ्यांनीही, दिसते. २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमानात आठ-दहा दिवसांत प्रौढ माशी कवचाला गोल भोक पाडून बाहेर येते. ज्या अंड्यातून घाटेअळी निघावयाची, त्यातून अळीचा शत्रू निघतो. दाणा पोखरला जाण्यापूर्वीच, नव्हे, पानाचा पहिला घास घेतला जाण्यापूर्वीच अळीचा निकाल लागतो. मोठ्या अळीला मारणाऱ्या कोणत्याही मित्रकीटकाला हे साधत नाही.

मधमाश्यांप्रमाणे या माश्यांतही निषेचित अंड्यातून मादी व अनिषेचित अंड्यातून नर जन्मतो. अंडे घालताना साठविलेले शुक्राणू वापरावयाचे की नाही हे मादीच्या स्वाधीन असल्यामुळे मुलगा की मुलगी, हेही तीच ठरविते. एका मोठ्या अंड्यात अनेक पोरे ठेवावयाची झाल्यास ती बहुधा एखादाच नर ठेवते; तो आपल्या बहिणींशी तेथेच समागम करतो. काही प्रकारांत तर नर मुळीच दिसत नाहीत, पिढ्यान्पिढ्या माद्यांपासून माद्याच होत जातात. १९९० साली रिचर्ड स्टाउटहेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माश्यांना प्रतिजैविक औषध दिले, तेव्हा पुढच्या पिढीत नर पुन्हा जन्मास आले. माद्यांच्या पेशींत राहणारा वोल्बाकिया हा जीवाणू अनिषेचित अंड्यातील गुणसूत्रे दुप्पट करवून त्याची मादी बनवितो, असे पुढे सिद्ध झाले. जीवाणू मातेकडूनच संततीत उतरतो. नर त्याच्या उपयोगाचा नाही. परजीवाभाच्या पोटातही असा एक भाडेकरू राहून आपला स्वार्थ साधीत असतो.

भारतात या माश्यांचा उपयोग करण्याचे प्रयत्न जुने आहेत. उसाच्या खोडकिडीविरुद्ध त्या सोडण्याचे प्रयोग म्हैसूर संस्थानात १९३० च्या दशकातच झाले. परंतु आपण नेमकी कोणती माशी सोडीत आहोत, याची त्या काळी कोणालाच खात्री नव्हती. सगळ्या माद्या एकसारख्या दिसत. रंग तर वाढीच्या वेळच्या तापमानाप्रमाणे बदलतो. त्यामुळे भारतीय माशीला कधी अमेरिकन जातीचे, कधी युरोपीय जातीचे नाव दिले जाई. हा गोंधळ निस्तरण्याचे श्रेय मुख्यतः बंगलोर येथील राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेच्या केंद्रात काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांना दिले पाहिजे. १९६८ पासूनच्या आपल्या लेखांत त्यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या माश्यांचा संकर होतो की नाही हे पाहिले आणि नराच्या जननेंद्रियांची सूक्ष्म रचना हीच जाती ओळखण्याची भरवशाची खूण आहे, हे दाखविले. अर्धा मिलिमीटर लांबीच्या कीटकाचे जननेंद्रिय काचपट्टीवर बसवून त्याचे चित्र काढणे हे काम किती चिकाटीचे असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. आपल्या देशात सर्वत्र आढळणाऱ्या जातीचे नाव यातूनच पुढे ट्रायकोग्रामा किलोनिस असे निश्चित झाले. हे केवळ नावांचे वेड नव्हते. उसावर कामास येणारी जाती भातावर येईलच असे नाही. भाताच्या खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम ही निराळी जाती वापरतात, आणि २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने हाहाकार उडविला, त्या अळीच्या अंड्यांसाठी याच कुलातील ट्रायकोग्रामॅटॉइडिया बॅक्ट्री ही जाती उपयोगी पडते.

लाखो माश्या पाळावयाच्या म्हणजे लाखो अंडी हवीत. ती पुरविणारा कीटक घरोघरच्या गृहिणींच्या परिचयाचा आहे. जुन्या तांदळात किंवा रव्यात ज्याच्या अळ्या जाळी करतात, तोच हा धान्यातील पतंग, कॉर्सिरा. प्रयोगशाळेत ज्वारीची भरड तापवून निर्जंतुक करतात, थंड झाल्यावर लाकडी पेट्यांत भरतात व तीवर कॉर्सिराची अंडी शिंपडून पेट्यांना झाकण घालतात. सुमारे चाळीस दिवसांनी पतंग निघू लागतात. ते गोळा करून जाळीच्या तळाच्या भांड्यांत ठेवले म्हणजे अंडी जाळीतून खाली पडतात. या कामात पतंगांच्या पंखांचे खवले हवेत इतके उडतात की काम करणाऱ्यांना नाकातोंडावर पट्टी बांधावी लागते. न बांधल्यास दम्यासारखा त्रास होतो. चाळून स्वच्छ केलेल्या एक घन सेंटिमीटर अंड्यांत साधारण अठरा ते वीस हजार दाणे भरतात. त्यांवर जंबुपार किरण सोडून आतील गर्भ मारतात, कारण तसे न केल्यास त्यांतून निघालेल्या अळ्या शेजारची अंडीच खाऊन टाकतील. मग जाड कागदावर डिंक लावून त्यावर अंडी भुरभुरतात आणि तो कागद बरणीत माश्यांच्या सहवासात ठेवतात. तीन-चार दिवसांत कागद काळा होतो. हेच ट्रायकोकार्ड. थंड पेटीत ते काही दिवस ठेवता येते. आवश्यकता पडेल तेव्हा त्याच्या पट्ट्या कापून, माश्या बाहेर पडण्याच्या बेतात असताना, संध्याकाळच्या वेळी पानांच्या खालच्या बाजूस टाचून देतात. उसाच्या पिकात हेक्टरी सुमारे पन्नास हजार माश्या ठरावीक दिवसांच्या अंतराने सोडतात, कपाशीत त्याच्या तिप्पट. सकाळी उन्हात टाचलेले कार्ड तापून वाया जाते. मुंग्यांची रांग लागली तर रात्रीतून सफाचट होते. महाराष्ट्रातील उसाच्या पट्ट्यात हे कार्ड आता अपरिचित राहिलेले नाही.

तेव्हा उसात जे साधले ते हरभऱ्यातही साधेल, असे कोणालाही वाटावे. शत्रू अंड्याच्या रूपाने उघड्यावर बसलेला, माशी त्याच अंड्यावर प्रयोगशाळेत आनंदाने तुटून पडणारी. प्रत्यक्षात मात्र हरभऱ्याच्या शेतात गोळा केलेल्या घाटेअळीच्या अंड्यांत काळे अंडे जवळजवळ सापडतच नाही. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत, म्हणजे इक्रिसॅटमध्ये, जर्मन संशोधक योर्ग रोमाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचा पिच्छा पुरविला. त्यांना ज्वारीच्या कणसांवरील त्याच पतंगाच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा भरपूर आढळली. तुरीवर फारच थोडी. हरभऱ्यावर नाहीच म्हटले तरी चालेल. तुरीत ज्वारीचे आंतरपीक घेतले म्हणजे ज्वारीवरील माश्या तुरीवर जातील, ही आशाही फलद्रूप झाली नाही. हरभऱ्यावर ही माशी अपयशी का ठरते, यावरचा त्यांचा निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला.

उत्तर ज्याने पहाटे हरभऱ्याच्या शेतातून पाय चालविला आहे त्याला अर्धे ठाऊक असते. पाय चुरचुरतात, धोतराचा काठ आंबट होतो. खेड्यांत रात्री पिकावर पातळ फडके पसरून पहाटे ते पिळून घेतात. ती हरभऱ्याची आंब. पोटदुखीवर ती औषध म्हणून जपून ठेवलेली अनेक घरांत आढळते. झाडाच्या अंगावरील बारीक ग्रंथिल केसांतून हा रस पाझरतो आणि त्यात मॅलिक व ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. माणसाला तो केवळ आंबट. परंतु अर्ध्या मिलिमीटरच्या माशीला प्रत्येक केस म्हणजे झाडाएवढा खांब आणि त्याच्या टोकाचा थेंब म्हणजे आम्लाचा डोह. तिला चालता येत नाही, अंग पुसण्यातच तिचा वेळ जातो, काही तर तेथेच चिकटून मरतात. पानापासून पानापर्यंत धुंडाळीत जाण्याची तिची सारी पद्धतच येथे निरुपयोगी होते.

येथे झाडाला दोष देणे अन्यायाचे होईल. हीच आम्ले हरभऱ्याचे संरक्षणही करतात. ऑक्झॅलिक आम्लामुळे लहान अळ्यांची वाढ खुंटते, आणि ज्या वाणांत मॅलिक आम्ल अधिक त्यांवर पतंग अंडी कमी घालतो, असे प्रयोगांत दिसले आहे. झाडाने स्वतःसाठी उभारलेल्या तटबंदीवर त्याचाच एक मित्र अडून राहिला, इतकेच. आम्ल कमी असलेला वाण काढून माशीला वाट मोकळी करावी, असे सुचविणाऱ्याने या दुसऱ्या बाजूचा हिशेब आधी मांडावा लागेल. व्यवहारातील निष्कर्ष मात्र सरळ आहे: हरभऱ्याच्या शेतात ट्रायकोकार्ड लावणे म्हणजे बहुधा पैसा वाया घालविणे होय, आणि ते कार्ड उसाला किंवा कपाशीला उपयोगी पडते म्हणून येथेही पडेल, हा सल्ला शेतकऱ्याने तपासून घ्यावा.

मग बुंदेलखंडाच्या हरभऱ्याला कोणी वाली नाही काय? आहे, पण तो दुसऱ्या कुलातला. कॅम्पोलेटिस क्लोरिडी ही इक्न्यूमोनिडी कुलातील माशी ट्रायकोग्रामाच्या मानाने राक्षसीच म्हणावयाची, कारण ती अर्धा सेंटिमीटर लांब असते. शरीर काळे, पाय पिवळसर तांबूस, कंबर बारीक आणि शृंगिका सतत थरथरणाऱ्या. तिला आंबट केसांची मातब्बरी वाटत नाही. लांब पायांवर तोललेली ती त्यांवरून सहज चालते. ती अंड्याकडे पाहत नाही. अंड्यातून निघून पाने खरवडणाऱ्या, दुसऱ्या अवस्थेतील कोवळ्या अळीला ती गाठते आणि क्षणार्धात अंडनिक्षेपक टोचून एक अंडे आत सोडते.

अळीचे शरीर परक्या वस्तूला निमूटपणे थारा देत नाही. तिच्या रक्तातील पेशी अशा अंड्याभोवती जमून त्याला वेढून गुदमरवितात. पण कॅम्पोलेटिसची मादी अंड्याबरोबर आणखी काही सोडते. तिच्या अंडाशयात विषाणूंचे कण तयार होतात. त्यांची आनुवंशिक माहिती माशीच्या स्वतःच्या गुणसूत्रांतच समाविष्ट झालेली आहे. हे कण घाटेअळीच्या पेशींत शिरून तिची संरक्षणव्यवस्था लुळी पाडतात. माशीला त्यांचा त्रास नाही, अळीत ते पुन्हा वाढतही नाहीत. आईने पोरासाठी वाट साफ करावी, एवढेच त्यांचे काम. वाळूच्या कणाएवढ्या अंड्यासोबत विषाणूंची ही फौज पाठविण्याची सोय निसर्गात केव्हा आणि कशी झाली, हा आजही संशोधनाचा मोठा विषय आहे.

लागण झालेली अळी काही दिवस जगते, पण तिची भूक मंदावते व ती निरोगी अळीच्या मानाने खुरटी राहते. आठ-दहा दिवसांत, थंडी कडक असल्यास त्याहून उशिरा, आतील पोर तिचे अंग फाडून बाहेर येते आणि शेजारीच रेशमी कोष विणते. घाटे पोखरण्याचे काम मोठ्या अळ्या करतात. ही अळी त्या वयाला पोहोचण्याआधीच मरते, म्हणून घाटा वाचतो. अंड्यात मारणाऱ्या माशीइतका हा बंदोबस्त पूर्ण नाही. थोडी पाने जातात. पानांची तेवढी हानी हरभरा सहन करतो.

प्रौढ कॅम्पोलेटिसला स्वतःला खाण्यास मध लागतो आणि हरभऱ्याच्या मिटल्या फुलात तिला तो घेता येत नाही. कोथिंबिरीच्या उघड्या, छत्रीसारख्या पांढऱ्या फुलोऱ्यावर मात्र तो तयार असतो. म्हणूनच हरभऱ्यात धन्याच्या ओळी पेरलेल्या शेतांत लागण झालेल्या अळ्यांचे प्रमाण वाढते, असे आढळले आहे. हरभऱ्यात धने किंवा जवस पेरण्याची चाल शेतकऱ्यांनी माशीचे नाव ऐकण्यापूर्वीच पाडली होती. बाजारात दोन पैसे जास्त मिळावे, हा त्यांचा हेतू असावा.

या माशीचीही एक मर्यादा आहे, ती म्हणजे हवा. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात ती जोमात असते. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापू लागले की तिची संख्या उतरते आणि नेमक्या त्याच वेळी पतंगांची वाढते. मागास पेरलेला हरभरा या दोहोंच्या मध्ये सापडतो. झाशीचा उन्हाळा तर ४५ अंशांपर्यंत चढणारा. दुसरा धोका माणसाने निर्माण केलेला आहे. अळी दिसताच मारलेली कीटकनाशकाची फवारणी पानाखालच्या घाटेअळीला कदाचित चुकविते, पण फुलोऱ्यावर भिरभिरणाऱ्या माशीला चुकवीत नाही. यावर उपाय म्हणून बंगलोरच्या जैविक नियंत्रण संचालनालयात ट्रायकोग्रामा किलोनिसचा एक वाण पिढ्यान्पिढ्या निवड करून घडविण्यात आला. एंडोसल्फान या कीटकनाशकाला तो दाद देत नसे, म्हणून त्याचे नाव एंडोग्राम ठेवले. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवरच बंदी घातली. माशी राहिली, जिच्याविरुद्ध तिला तयार केले ती फवारणी गेली. असा शेवट क्वचितच पाहावयास मिळतो.

हरभऱ्यात आज जी पद्धत सांगितली जाते तिच्यात कामगंध सापळे लावून पतंगांचे आगमन ओळखणे, पक्ष्यांना बसण्यासाठी पक्षीथांबे रोवणे, घाटेअळीच्या विषाणूचे द्रावण फवारणे, आणि ओळीच्या एका मीटर अंतरात एक-दोन अळ्या आढळू लागल्यावरच कीटकनाशकाचा विचार करणे, यांचा समावेश होतो. या मोजणीत एक चूक सहज होते. शेतात बसून झाडे हलवून अळ्या मोजणारा माणूस लागण झालेल्या, सुस्त, आखूड अळ्याही निरोगी अळ्यांतच धरतो आणि मर्यादा ओलांडली असे समजून फवारणीचा पंप पाठीवर घेतो. वस्तुतः त्या अळ्या आधीच हिशेबातून गेलेल्या असतात. त्यांची ओळख फार अवघड नाही. सकाळी दव वाळल्यावर पाने उलटून पाहावी. तांदळाच्या दाण्यासारखा, करड्या रंगाचा आणि काळसर ठिपक्यांचा एखादा कोष पानाला चिकटलेला दिसेल, आणि त्याच्या लगतच घाटेअळीची सुरकुतलेली रिकामी कातडी. असे कोष किती आहेत तेही मोजावे. आणि पंप उचलण्यापूर्वी ते दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडावे.